हाताखालचा माणूस

नोकरीतल्या पहिल्या आठ महिन्यांत मी स्वतःच्या मनाची एकही रेषा काढली नाही. दुसऱ्या कुणी पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉइंग बोर्डावर चिकटवायचं, त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा आणि खालची रेषा न् रेषा शाईनं गिरवायची, एवढंच माझं काम. जाड ती जाड, बारीक ती बारीक, तुटक रेषेतले तुकडे सगळे सारख्या लांबीचे. शाई ओघळली की ब्लेडच्या कडेनं हलकेच खरवडायची, खरखरीत झालेला कागद नखानं घासून गुळगुळीत करायचा आणि तीच रेषा पुन्हा ओढायची. संध्याकाळपर्यंत मान आखडायची. शेजारच्या खोलीत ड्रॉइंगच्या प्रती निघत, तिथून अमोनिया प्रिंटचा वास यायचा आणि डोळे चुरचुरायचे. मी पदविका घेऊन आले होते. तुळईवरचा भार, दंडगोलातला ताण, गिअरच्या दातांची गणितं, सगळं येत होतं. हातात मात्र गिरवणं आलं होतं. घरी जाऊन मी चिडून म्हणायचे, ही गधामजुरी आहे, हे कुणीही करेल.

तिसऱ्या महिन्यात एका पंपाच्या बैठकीचं ड्रॉइंग माझ्याकडे आलं. बोल्टसाठी बारा भोकं होती. त्यातली आठ एका ओळीत होती आणि चार मात्र बाजूच्या भिंतीपासून जराशी लांब ओढलेली. त्या चारांची मापं अजून लिहायची होती. मला वाटलं, पेन्सिल सरकली असणार. मी ती चार भोकं नीट केली, म्हणजे बाकीच्यांच्या ओळीत आणली, आणि मनातल्या मनात खूश झाले, की चला, निदान एक चूक तरी आपल्याला सापडली.

मुख्य ड्राफ्ट्समनना आम्ही सगळे साहेबच म्हणत असू. त्यांनी ट्रेसिंग उजेडाकडे धरलं, बराच वेळ पाहिलं आणि बोट नेमकं त्या चारांतल्या एकावर ठेवलं.

"पोरी, हा बोल्ट आवळणार कशानं?"

"पान्यानं."

"आणि पाना फिरणार कुठं?"

मी बघत राहिले. भिंत आणि बोल्ट यांच्यात नट बसेल एवढीच जागा मी ठेवली होती. साहेब मला खाली शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, घेऊन गेले. तिथं कोपऱ्यात एक जुनी बैठक पडलेली होती, आणि तिच्यात कुणीतरी फार वर्षांपूर्वी हीच चूक करून ठेवलेली होती. त्यांनी माझ्या हातात पाना दिला आणि म्हणाले, "आवळ." पाना चिमूटभर फिरायचा आणि भिंतीवर आपटायचा. काढायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा चिमूटभर. चौथ्या खेपेला पाना सटकला आणि माझ्या बोटांची सालं निघाली. वर येऊन ती चारही भोकं खरवडून पुन्हा जागेवर आणायला मला सबंध दुपार लागली. साहेब एक शब्दही जास्त बोलले नाहीत.

त्यानंतर गिरवताना मी वाचू लागले. ही रेषा इथं का वळली, ही जाडी इथं का वाढली, हा कोपरा गोल का केला, हा खाचा कुणासाठी सोडला. हातानं गिरवण्याला वेळ लागतो, आणि त्या वेळात मन मोकळं असतं, म्हणून प्रश्न पडतात. आठ महिन्यांत माझ्या पेनाखालून साहेबांची पंचवीस वर्षं गेली. नवव्या महिन्यात त्यांनी मला पहिलं स्वतंत्र काम दिलं, एक साधं झाकण. ते काढताना मी एकदाही न विचारता पान्याला जागा सोडली होती.

मराठीत आपण किती सहज म्हणतो, अमका तमक्याच्या हाताखाली तयार झाला. कामात हात बसला. नजर तयार झाली. शिकण्याविषयीचे आपले जुने शब्द डोक्यापेक्षा हाताभोवतीच जास्त जमलेले आहेत. हाताखाली म्हणजे हुकमाखाली, हा एक अर्थ झाला आणि तो खराही आहे. पण हाताखाली म्हणजे इतक्या जवळ, की वरचा हात कुठं थबकतो, कुठं सैल पडतो, कुठं दुसऱ्यांदा तपासतो, हे दिसत राहावं, हाही त्याचा अर्थ आहे. हाताखालच्या माणसाच्या दिवसात दोन गोष्टी एकमेकींत विणलेल्या असतात. एक, काम उरकणं. दुसरी, माणूस घडणं. पहिलीची नोंद हजेरीपटात, पगारपत्रकात, वेळापत्रकात होते. दुसरीची कुठंच होत नाही. आणि नवं यंत्र आणताना हिशेब करणारा माणूस नोंदींचाच हिशेब करतो.

गेली दोन-तीन वर्षं मी सारखा याच गोष्टीचा विचार करते आहे, कारण आज माझ्या हाताखाली माणसं आहेत आणि त्यांच्यासाठी गिरवण्याचं काम उरलेलं नाही.

ते संपण्याची सुरुवात खूप आधी झाली. १९६३ साली आयव्हन सदरलंड यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम केला. प्रकाशलेखणीनं पडद्यावर रेषा ओढायची आणि संगणकानं ती सरळ करून द्यायची. १९८२ साली ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आलं आणि ही सोय साध्या संगणकावर मिळू लागली. मग ट्रेसिंगच्या खोल्या एकेक करून रिकाम्या झाल्या. आमच्याकडेही झाल्या. मला त्याचं दुःख झालं नाही, हे खरं सांगायला हवं. ब्लेड आणि शाई सुटली याचा मला आनंदच झाला होता. पडद्यावर एक भोक काढायचं आणि बारा ठिकाणी उमटवायचं! मी रात्री थांबून सॉफ्टवेअर शिकले. आणि ते मला भराभर आलं, कारण काय काढायचं ते मला आधीच येत होतं. तेव्हा हे लक्षात आलं नाही. यंत्राचा सगळ्यात जास्त फायदा त्याच पिढीला होतो, जिनं ते काम यंत्राशिवाय केलेलं असतं. त्या पिढीचा अनुभव पाहून आपण यंत्राची परीक्षा करतो आणि निकाल पुढच्या पिढीला लावून टाकतो.

उमेदवारीची, म्हणजे मालकाच्या हाताखाली काम करत धंदा शिकण्याची, गोष्ट जुनी आहे. इंग्लंडमध्ये १५६३ साली कायदाच झाला, की ठरावीक धंद्यांत शिरायचं तर निदान सात वर्षं उमेदवारी करावी लागेल. सात वर्षं! त्यातली निम्मी झाडलोट आणि ओझी वाहण्यातच जात असणार, आणि त्या काळात मालकांनी पोरांना कसं राबवलं याच्या कहाण्या काही गोड नाहीत. १८१४ साली ती अट रद्द झाली. त्याच्या आधी तीन वर्षं, १८११ मध्ये, नॉटिंगहॅमच्या आसपास मोजे विणणाऱ्या कारागिरांनी माग फोडायला सुरुवात केली होती. त्यांना लडाइट म्हणतात, आणि आज तो शब्द यंत्राला घाबरणाऱ्या मागासलेल्या माणसासाठी वापरतात. हे मला पटत नाही. ती माणसं स्वतः यंत्रावरच काम करत होती, कुशल होती. मजुरी घसरते आहे, माल निकृष्ट निघतो आहे आणि उमेदवारी न केलेल्या लोकांना कमी पैशांत मागावर बसवलं जातं आहे, या त्यांच्या तक्रारी होत्या. आपल्या पोरांनी हे काम शिकायचं कुठं आणि शिकून उपयोग काय, हा प्रश्न त्या हातोड्यांमागं होता. १८१२ साली संसदेनं माग फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा ठरवली. प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही.

याच सुमाराचं आणखी एक उदाहरण मला फार वर्षांपासून सोडत नाही. क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी या इंजिनिअरकडे लॉगॅरिदम आणि त्रिकोणमितीचे प्रचंड तक्ते तयार करण्याचं काम आलं. एकट्यानं करायचं तर जन्म पुरला नसता. अॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञांनी १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात टाचणीच्या कारखान्याचं जे वर्णन केलं होतं, दहा माणसं काम वाटून घेऊन दिवसाला ४८,००० टाचण्या करतात, ते प्रोनींच्या वाचनात आलं आणि त्यांनी आकडेमोडीचाही तसाच कारखाना उभा केला. वरच्या मजल्यावर पाच-सहा मोठे गणिती, सूत्रं ठरवणारे. मधल्या मजल्यावर सात-आठ जण, सूत्रांना आकड्यांत उतरवणारे. आणि तळाला ६० ते ८० माणसं, दिवसभर फक्त बेरीज आणि वजाबाकी करणारी. त्यातल्या बहुतेकांना त्यापलीकडचं गणित येतच नव्हतं, आणि तरीही, किंवा म्हणूनच, त्यांच्या चुका कमी होत, अशी नोंद चार्ल्स बॅबेज या इंग्लिश गणितज्ञांनी १८३२ साली केली आहे. बॅबेज यांच्या डोळ्यांपुढं लगेच पुढचं चित्र उभं राहिलं. तळमजल्याचं हे काम यंत्र करू शकेल. आजचा संगणक त्या विचाराच्या वंशातलाच आहे.

मला त्या तळमजल्याकडं बघत राहावंसं वाटतं. तिथला एखादा हुशार मुलगा वर्षभर बेरजा करून मधल्या मजल्यावर गेला असेल का? ती रचना तशी केलेलीच नव्हती. मजले होते, जिने नव्हते. म्हणजे गधामजुरी केली की माणूस आपोआप घडतो, असं मुळीच नाही. त्याला वरचा हात दिसावा लागतो, कुणीतरी पाना हातात द्यावा लागतो. ब्रिटनमधल्या जहाजबांधणीच्या ड्रॉइंग ऑफिसांत ट्रेसिंग करणाऱ्या बहुतेक बायकाच असत. सुरेख, निर्दोष काम करत. ड्राफ्ट्समनच्या जागेवर त्यांच्यातली क्वचितच कुणी पोचली. मी जे आठ महिने केलं ते त्यांनी आयुष्यभर केलं. त्यांच्या जागी मी असते तर संगणक आला त्या दिवशी मला काय वाटलं असतं, ते सांगता येत नाही. म्हणून जुनं तेच बरं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खुद्द स्मिथ यांनीही टाचणीच्या कारखान्याची दुसरी बाजू पाहिली होती, आणि हे लोक विसरतात. जन्मभर एक-दोन सोप्या क्रिया करत राहणाऱ्या माणसाची बुद्धी वापराअभावी झडून जाते, असं त्याच ग्रंथात पुढं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी शाळा सुचवली. सरकारनं सामान्य लोकांच्या मुलांना लिहिणं, वाचणं, हिशेब शिकवण्याची सोय करावी. १८३३ च्या कारखाना कायद्यानं इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांत नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना रोज दोन तास शाळा सक्तीची केली. किती विलक्षण कायदा आहे हा! गिरणीनं मुलाकडून जे घेतलं ते दोन तासांत शाळेनं परत द्यायचं. तिथून पुढं कामाच्या जागेतून शिक्षण हळूहळू बाहेर पडत गेलं आणि शाळेत, मग कॉलेजात जाऊन बसलं. आधी शिकायचं, मग काम करायचं, ही आयुष्याची वाटणी आपल्याला आता निसर्गनियमासारखी वाटते. ती माणसानं केलेली आहे, आणि तिला दोनशे वर्षंही धड झालेली नाहीत.

शाळा-कॉलेजांनी जे दिलं ते अफाट आहे. माझ्यासारख्या मुलीला ड्रॉइंग ऑफिसच्या दारापर्यंत त्यांनीच आणलं. पण दारापासून आत बोर्डापर्यंतचं अंतर कामावरच कापावं लागायचं, आणि ते कापायची सोय कुणी मुद्दाम केलेली नव्हती. हलक्या कामांच्या रूपानं ती आपसूक होती. नवा वकील जुनी प्रकरणं चाळून मुद्दे काढायचा. नवा पत्रकार दुसऱ्यांच्या बातम्या पुन्हा लिहून काढायचा. नवा हिशेबनीस नोंदी जुळवायचा. नवा प्रोग्रॅमर जुन्या कोडमधल्या बारीकसारीक चुका काढायचा. या सगळ्यांना पगार मिळायचा, कारण ती कामं कुणाला तरी हवीच होती. म्हणजे शिकणाऱ्याचा खर्च त्या हलक्या कामातून परस्पर निघायचा. आता नेमकी हीच कामं यंत्र काही सेकंदांत करतं.

यंत्रानं दरवेळी शिकण्याचं नुकसानच केलं, असंही नाही. १९७८ साली डॅन ब्रिकलिन हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकत होते. फळ्यावरच्या कोष्टकातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा काढायचे, या वैतागातून त्यांना स्प्रेडशीटची कल्पना सुचली आणि १९७९ मध्ये व्हिझिकॅल्क हे स्प्रेडशीटचं सॉफ्टवेअर आलं. आकडेमोड गेली, तिच्या जागी 'हे असं झालं तर?' हा प्रश्न आला, आणि तो नव्या माणसालाही विचारता येऊ लागला. तिथं काहीतरी उलगडलं. मी स्वतःला विचारते, मग फरक कुठं आहे? मला सुचतं ते असं. स्प्रेडशीटनं उत्तर काढून दिलं, पण कुठला आकडा कुठून आला हे मांडणं माणसाकडंच ठेवलं. सूत्र चुकलं तर ते तुमचं चुकत होतं. चूक आपली असणं फार महत्त्वाचं आहे. त्या चार भोकांची चूक माझी होती म्हणून ती अजून माझ्या बोटांत आहे.

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात हे सगळं फार उघड दिसतं. विल्यम हॉल्स्टेड या सर्जननी १८८९ पासून अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात निवासी डॉक्टरांना घडवण्याची जी पद्धत रुजवली तिच्यात शिकाऊ डॉक्टर शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष हात घालून उभा असे. मोठी जखम धरून ठेवायला, रक्त टिपायला, टाके घालायला दुसरे दोन हात लागतच. गरजेपोटी त्याला जवळ उभं करावं लागायचं आणि जवळ उभा राहून तो शिकायचा. २००० साली अमेरिकेत दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोटला परवानगी मिळाली. आता मुख्य सर्जन जरा अंतरावर बसून एकटा ते चालवू शकतो. दुसऱ्या हातांची गरज फारच कमी झाली. रुग्णाला लहान छेद, कमी रक्तस्राव, हे फायदे खरेच आहेत. पण मॅथ्यू बीन या संशोधकानं अशा शस्त्रक्रियागृहांत कित्येक तास बसून पाहिलं, की शिकाऊ डॉक्टरांच्या वाट्याला प्रत्यक्ष काम फार थोडं येतं. जे तयार झाले ते बरेचसे आडवाटेनं झाले: सिम्युलेटरवर तासन्‌ तास घालवून, चित्रफिती पाहून, देखरेख कमी असेल तिथं संधी साधून. कुणाच्याही मनात त्यांना डावलायचं नव्हतं. त्यांची गरज उरली नाही, एवढंच झालं.

आणि मग विमान. ३१ मे आणि १ जून २००९ च्या मधल्या रात्री रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचलं, वेगाचे आकडे जुळेनात, म्हणून स्वयंचलित यंत्रणा नियमाप्रमाणं बाजूला झाली आणि विमान वैमानिकांच्या हाती आलं. आकडे एका मिनिटाच्या आत पुन्हा ठीक झाले होते. पण तोवर विमानाचं नाक वर उचललं गेलं होतं, पंखांचा आधार सुटला होता, धोक्याची सूचना वाजत होती, आणि काय चाललं आहे हे कॉकपिटमध्ये कुणालाच उमगलं नाही. साडेचार मिनिटांच्या आत सगळं संपलं. कारणं अनेक होती, आणि अंधारात बसलेल्या त्या माणसांवर बोट ठेवणं मला जमणार नाही. पण तेवढ्या उंचीवर हातानं विमान चालवण्याचा सराव वैमानिकांना नव्हता, हे चौकशीत पुढं आलं. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ सालीच हे मांडून ठेवलं होतं: यंत्रणा जितकी चांगली, तितका माणसाला सराव कमी, आणि यंत्रणा हात टेकते तेव्हाच माणसाची गरज पडते, तीही नेहमीपेक्षा अवघड प्रसंगी. २०१३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्यानं विमान कंपन्यांना सूचना दिली, की वैमानिकांना हातानं विमान चालवण्याला उत्तेजन द्या. एका अख्ख्या व्यवसायाला कळून चुकलं, की सराव आता आपसूक होणार नाही, तो मुद्दाम करून घ्यावा लागेल. त्यासाठी किती मोठी किंमत मोजावी लागली!

धडपडण्यानं माणसात काय घडतं, त्याचा मला माहीत असलेला सगळ्यात थेट पुरावा लंडनच्या टॅक्सीचालकांचा आहे. परवान्यासाठी त्यांना शहराच्या मध्यापासून सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यात वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरिन वूलेट यांनी अशा ७९ उमेदवारांच्या मेंदूची छायाचित्रं सुरुवातीला घेतली आणि काही वर्षांनी पुन्हा घेतली. ३९ जण परीक्षा पास झाले होते. जागेची स्मृती सांभाळणारा मेंदूचा भाग त्यांच्यातच मागच्या बाजूला वाढलेला दिसला. नापास झालेल्यांत नाही. नकाशा खिशातल्या फोनमध्ये असताना हे कशाला, असं कुणीही विचारेल, आणि पत्त्यावर पोचण्यापुरता तो प्रश्न रास्तच आहे. पण नकाशा वापरणाऱ्याला पत्ता मिळतो, आणि त्या ३९ जणांना त्याबरोबर वेगळं डोकं मिळालं.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक मुलगा आला. हुशार, नम्र, झटपट. पहिल्याच आठवड्यात मी त्याला एका झडपेच्या आवरणाचं काम दिलं. मला वाटलं, चार दिवस घेईल. दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रॉइंग माझ्या पडद्यावर होतं. त्यानं गरजा लिहून दिल्या होत्या, सॉफ्टवेअरनं तीन पर्याय काढून दिले होते, ताणाचं गणितही करून दिलं होतं, त्यातला एक त्यानं निवडला होता. माझ्या पहिल्या वर्षातल्या कुठल्याही ड्रॉइंगपेक्षा ते सरस होतं.

"हा कोपरा एवढा गोल का घेतलास?"

"सॉफ्टवेअरनं घेतलाय, मॅडम. ताण तिथं कमी येतोय."

"आणि इथं तेवढा का नाही?"

तो गप्प झाला. त्याला लाज वाटली हे दिसलं आणि मला माझीच चूक कळली. मी त्याला गिरवायला काही दिलंच नव्हतं. त्याच्या पेनाखालून कुणाची वर्षं गेली नव्हती. त्याला उत्तर मिळालं होतं आणि उत्तरापर्यंतची वाट कुणी दाखवली नव्हती, आणि आता मी वाटेवरचे प्रश्न विचारत होते. ते ड्रॉइंग तपासायला मला पाऊण तास लागला. तपासता आलं, कारण माझ्याकडे ती बोटं आहेत. पंधरा वर्षांनी माझ्या खुर्चीत तो बसेल. तेव्हा यंत्राचं काम तो कशाच्या जोरावर तपासेल?

२०१६ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते, की क्ष-किरणांच्या प्रतिमा वाचणारे डॉक्टर घडवणं आता थांबवायला हवं, थोड्याच वर्षांत यंत्र ते काम जास्त चांगलं करेल. यंत्रं खरोखरच सुधारली. पण ते डॉक्टर आजही लागतातच. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं असतं तर आज काय झालं असतं, याचा विचार करून पाहावा. असा डॉक्टर तयार व्हायला दशकभर लागतं. वाट बंद करायला एक निर्णय पुरतो, आणि ती बंद केल्याचा परिणाम दिसू लागतो तेव्हा निर्णय घेणारे निवृत्त झालेले असतात.

मी वरिष्ठांशी बोलले. नव्या माणसाला पहिले सहा महिने निम्मा वेळ 'अनुत्पादक' ठेवायचा, हे मागणं त्यांना जड गेलं. आकडे विचारले गेले. माझ्याकडे आकडे नव्हते. साहेबांनी माझ्यावर घालवलेल्या दुपारी कुठं नोंदवलेल्या असणार? तीन बैठका झाल्या. शेवटी दोन महिन्यांना मान्यता मिळाली, तीही एकाच माणसासाठी. मी ती घेतली. सहा महिने मिळायला हवेत असं माझं आजही ठाम मत आहे, आणि यंदा पुन्हा मागणार आहे.

दोन महिन्यांत काय करायचं हे मी आणि त्यानं मिळून ठरवलं. शाई-ब्लेड परत आणली नाहीत. त्यात मला कुणाचंच भलं दिसत नाही. सकाळचे दोन तास तो शॉपमध्ये जातो आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून आलेला भाग स्वतः जोडतो, स्वतः खोलतो. यंत्रानं काढलेलं कुठलंही ड्रॉइंग तो आधी कागदावर हातानं ढोबळ काढतो, आणि मगच यंत्राला विचारतो. दोन्हींत फरक पडला तर का पडला ते माझ्यासमोर बसून सांगतो. कधी यंत्राचं बरोबर असतं, कधी त्याचं. एकदा दोघांचंही चुकलं होतं आणि ते आम्हाला खाली एका फिटरकाकांनी दाखवलं. आणि शुक्रवारी दुपारी कपाटातली जुनी ट्रेसिंगं बाहेर निघतात. तो ती वाचतो. मोठ्यानं. ही रेषा इथं का, ते सांगत. अडला की मी सांगते.

मागच्या शुक्रवारी साहेबांच्या हातचं एक ट्रेसिंग निघालं. कागद पिवळा पडला होता, शाई मात्र तशीच काळीभोर. एका आधारपट्टीला सहा भोकं, पाच गोल आणि एक लांबट. तो थांबला.

"मॅडम, हे एकच लांबट का?"

मी पुढं वाकले. उष्णतेनं पट्टी वाढत असेल म्हणून सोडलं असेल, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ही पट्टी तापण्याचं कारणच नव्हतं. जुळवताना इकडंतिकडं सरकवायला? मग एकच का, आणि तेही मधलं का? साहेबांनी उगाच काही केलेलं नसणार. मी ते उजेडाकडे धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं.

"मला नाही माहीत रे," मी म्हटलं.

त्यानं घड्याळ पाहिलं. फिटरकाकांची पाळी सुटायला वीस मिनिटं होती, आणि या पट्ट्या बसवलेल्या लोकांतले तेवढे एकच आता उरले आहेत. त्यानं ट्रेसिंग अलगद गुंडाळलं, काखेत धरलं, आणि आम्ही दोघं जिना उतरू लागलो.